कोडगा

शनिवारच्या पुरवणीत, राशिभविष्याच्या खाली
माझी चौकट असते. अकरा बाय अकरा.
नाव नाही, नुसतं ‘कोडगा’.
(महिना सातशे रुपये. त्यात नाव कशाला घालवा?)

इथे अक्षर सहकुटुंब राहतं,
काना, वेलांटी, डोक्यावरचा अनुस्वार धरून
एका घरात एकच बिऱ्हाड.
जोडाक्षरालाही जादा खोली नाही.
एवढा नियम पाळला की पुढे सगळी लबाडी.

दमयंतीचा नवरा उभा राहिला, तिथे सिग्नल. चार अक्षरी.
घोड्यावरचा दाराशी; पुढे एसटी. चार.
वरू नका म्हटलं, तरी वरलाच. तीन.

उत्तरं पुढच्या शनिवारी.
पण त्याआधी बुधवारी
कचेरीत कार्ड येतं.
पोस्टकार्ड. अजूनही. शाईचं पेन,
शिरोरेषा पट्टी ठेवून मारल्यासारख्या.
शरयू खाजगीवाले, सहकारनगर नंबर दोन.

‘आडवे चौदा. “हडप, सर.”
उपनगर कळलं. पण सरांना एकेरी?
मी एकतीस वर्षं शाळेत होते.’

कोडगा उत्तर देत नाही, उत्तरं छापतो.
पण ‘वाद उलटला तर औषध, दोन’ यावर
लिहून आलं: ‘दवा हिंदी. मराठीत दवाखाना असतो.’
तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा कार्ड विकत घेतलं:
‘दवापाणी चालेल का?’
बुधवारी:
‘पाण्यासकट चालेल.’

तीन वर्षं हे असं.
लिहायला काहीतरी लागतं:
आधी प्रश्न, पाठोपाठ युद्ध. तीन अक्षरी.
तेवढं आम्हाला दर आठवड्याला पुरलं.
त्यांचा आवाज मला माहीत नाही,
ऱ्हस्वदीर्घ कुठे दुखतं ते माहीत आहे.

मग एक कार्ड आलं, त्यात माझी चूकच नव्हती.
एक ओळ:
‘आकडा, त्याला लागून जखमेची खूण. जाता जात नाही. (४)
सोडवा.’

हलवायाच्या तोंडात पेढा कोंबल्यासारखं झालं.
पाचोळा. तीनच.
दहावा. तीन, आणि अशुभ.
रात्री दीडला उठून बसलो: नऊवार!
चार घरं, चोख.
पण वार म्हणजे घाव. खूण नव्हे.
आणि असला ढिलेपणा त्या चालवून घेणार नाहीत.
पुन्हा आडवा झालो. झोप उभी राहिली.

गुरुवारी नळस्टॉपला, म्हणजे माझ्याच दमयंतीच्या नवऱ्यापाशी,
स्कूटर लाल दिव्यात. वर आकडे उतरत होते:
अकरा
दहा
नऊ
आठ
आणि खाली, हँडलवर, मनगटाशी
एक पांढरट रेघ. सातवीत पत्रा लागला होता.
आई बोट फिरवून म्हणायची, वण राहिला रे.

एकवीस वर्षं शब्द कापतोय, जोडतोय,
हे दोन अक्षरांचं काही
कुठल्याच चौकटीत बसवलं नव्हतं.
हिरवा लागला असावा.
मागचा रिक्षावाला हॉर्नवरून
माझ्या तीर्थरूपांपर्यंत पोचला.
मी चार घरं भरत होतो.

कार्डावर लिहिलं, ‘सुटलं.’
खोडलं. त्या विचारतील, काय सुटलं? कर्ता लिहा.
‘कुणाची?’ एवढं लिहायला जागा होती.
पण ते सूत्रात नव्हतं,
आणि सूत्राबाहेर जायचं नाही
हा माझाच नियम, इतरांना ऐकवलेला.
शेवटी लिहिलं:
‘फोड चोख. शब्द मराठी. माझी हरकत नाही.’

बुधवारी कार्ड.
शिरोरेषा या वेळी किंचित उतरती.
‘हरकत अरबीतून आला.
पण राहू द्या.’